सोनूबाईचं गिऱ्हाईक

नर्सने पाण्याचा पेला पुढे केला आणि सोनूबाईने तो हाताने उडवून लावला. पाणी सुनेच्या, भाविकाच्या अंगावर सांडलं. सोनूबाईचा गळा आवळल्यासारखा झाला, डोळे पांढरे झाले. तरुण डॉक्टर हे बघत होता. तो तिच्या नवऱ्याला, लहूला, बाहेर घेऊन गेला.

"काका, मावशींना कधी कुत्रा चावला होता?"

लहू गोंधळला. ताप आणि घसा सोडून हा भलतंच विचारतोय.

"चावला व्हता. होळीच्या आधी. पोटरीला. रस्त्यावरचा व्हता."

"इंजेक्शनं घेतली?"

"घेतली की. दवाखान्यात जाऊन आले, म्हणाली व्हती ती."

"तुम्ही बरोबर होतात?"

"नाय. मी बोटीवर व्हतो."

डॉक्टरने हातातला केसपेपर मिटला. मग म्हणाला, "हा रेबीज आहे. आता आमच्या हातात काही नाही, काका. घरच्यांना बोलवून घ्या."

हा दुसऱ्याच कुणाच्या पेशंटबद्दल बोलतोय असं लहूला वाटलं. त्याने मागे वळून शेजारच्या खाटेकडे बघितलंसुद्धा. जन्मभर कोयत्याने सुरमई कापणारी बाई, कालवं फोडून हात रक्ताळले तरी फडकं बांधून पुन्हा बसणारी. ती दोन दातांनी मरते?

ती मेली. अंधेरीच्या कोळीवाड्यात त्या दिवशी कुणी म्हावरं विकायला काढलं नाही. गल्लीतल्या पोरांनी मोरीजवळच्या पांढऱ्या कुत्र्याला काठ्यांनी मारून टाकलं. लहू दारात उभा राहून बघत होता. त्याने अडवलं नाही. मुलाने, अल्पेशने, कुणी सांगितलं म्हणून महापालिकेकडे भरपाईचा अर्ज केला. अर्जात लिहिलं, भटका कुत्रा. लहूने सही केली.

बाराव्याला नीलम मॅडम आल्या. रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या. अल्पेश कडेवर होता तेव्हापासून सोनूबाई त्यांच्या दारात टोपली उतरवायची. फोटोसमोर बसून मॅडम खूप रडल्या. मग लहूला हात जोडून म्हणाल्या, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? दुसरं कुणी असतं तर पोलिसांत गेलं असतं."

"कशापायी?"

"आमच्या ब्रुनोसाठी हो. मी दार उघडलं आणि तो एकदम टोपलीवर धावला. त्या टोपली वाचवायला गेल्या. मी लगेच म्हटलं, मावशी, दवाखान्यात जा. तर म्हणाल्या, तुमचा घरातला कुत्रा, त्याला काय झालंय. वर मलाच म्हणाल्या, मी घरी रस्त्यावरचा सांगेन, तुम्ही घाबरू नका."

भाविका चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबली.

"कुत्र्याला इंजेक्शनं दिलेली ना?" अल्पेशने विचारलं.

"लहानपणी सगळी दिली. मग राहिलं ते राहिलंच." मॅडमनी नाक पुसलं. "तोही गेला हो, आठवड्याच्या आत. आम्हाला वाटलं, ऊन लागलं."

"आठवड्याच्या आत," लहू म्हणाला. "तवा ती येत व्हती की तुमच्या दारात. सांगितलंत तिला?"

"मी सांगणार होते. मिस्टर म्हणाले, उगाच कशाला घाबरवतेस."

या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, हे आत्ता कुठे मॅडमच्या ध्यानात आलं. त्या पर्स चाचपू लागल्या. अल्पेश उठला, तशी लहूने त्याची मनगटं धरली.

"बस. बाराव्याला आलेली बाई हाय. चहा घेऊन जाऊ दे तिला."

"बाबा, तुम्ही ऐकलं ना ती काय बोलली?"

"ऐकलं. बस."

मॅडमनी चहा घेतला.

मागच्या गल्लीतली जान्हवी वकील आहे. संध्याकाळी ती येऊन बसली. "लहूकाका, पाळलेला कुत्रा म्हटला की मालक जबाबदार. पोलिसांत तक्रार होते. कोर्टात भरपाई मागता येते, तो तुमचा हक्क आहे. पण महापालिकेचा अर्ज मागे घ्यावा लागेल. एकाच चाव्याच्या दोन गोष्टी नाही चालायच्या."

"आई आपल्याशी खोटं का बोलली यार?" अल्पेश म्हणाला. "आपल्याशी?"

लहूला कळत होतं. पोराला खरं सांगितलं असतं तर तो वर जाऊन राडा करून आला असता, आणि त्या टॉवरचं फाटक तिला बंद झालं असतं. शिवाय गिऱ्हाइकाचं नाव वाईट करायचं नाही, ही तिची रीत. तिच्या टोपलीतला मासा बायका कल्ला उचलून न बघता घेत. शिळं म्हावरं ती शिळं म्हणूनच विकायची. "सोनूने सांगितलं म्हंजे झालं," असं बाजारात बोलत.

दुसऱ्या दिवशी जान्हवी त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. टेबलामागची बाई शांतपणे विचारत होती आणि लिहीत होती. कुत्रा कुणाचा, दार कुणी उघडलं, बाराव्याला मॅडम काय बोलल्या. लहूने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"मग महापालिकेला भटका कुत्रा कसं लिहून दिलंत?"

"आमाला तसंच ठावं व्हतं."

"कुणी सांगितलं होतं?"

लहू खुर्चीत मागे सरकला.

"काका, हे लिहावं लागेल. मयत बाईने घरच्यांना खोटं सांगितलं, असं लिहू?"

लहूने टेबलावरच्या तिच्या पेनाकडे बघितलं आणि तो उठला.

"आता नका लिवू."

बाहेर जान्हवी म्हणाली, "काका, हे एक वाक्य नसेल तर त्यांचा वकील तुम्हालाच खोटं पाडेल. तिची काही बदनामी नाही त्यात."

"कळतंय मला."

"मग उद्या येऊ या?"

"येऊ."

नीलम मॅडमचा एकदा फोन येऊन गेला. मी जे बोलले ते पोलिसांसमोरही बोलेन, म्हणाल्या. मिस्टर नको म्हणतात, पण बोलेन. तेही लहूने जान्हवीला सांगितलं.

महिना होत आला, महापालिकेकडचा अर्ज अजून मागे घेतलेला नाही. ठाण्यातला जबाब त्या एका वाक्यासाठी पूर्ण व्हायचा आहे.