फोटोसाठी लावलेलं तेल

मी मेंदूचे आलेख काढणारा एक म्हातारा यंत्रोबा आहे. मित्रांनो, घाबरू नका, मी कोणाचं डोकं उघडत नाही. डोक्यावर चांदीच्या बारक्या तबकड्या चिकटवायच्या, त्यांच्या वायरी माझ्या पोटात खुपसायच्या, की मेंदूतली इवलीशी वीज माझ्या आठ पेनांना गुदगुल्या करते आणि ती सरकत्या कागदावर शाईने नागमोडी रेघा ओढतात. सध्या मी वसईतल्या एका इस्पितळाच्या अडगळीत, फाटक्या गाद्यांखाली पडून आहे. पण एकेकाळी माझा थाट होता.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात उमेदीची वर्षं काढली. तिथे मला भंगारात घालणार, एवढ्यात डॉ. इनेझ यांनी मला मागून घेतलं. इनेझबाई वसईच्याच. शिकल्या मुंबईत, आणि तेही मनाच्या आजारांचं शास्त्र. गावात लोक त्यांना 'वेड्यांची डॉक्टरीण' म्हणत आणि रस्त्यात दिसल्या की उगाच शहाण्यासारखे चालत. माणूस शुद्ध हरपून पडतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडतं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. म्हणून १९७४ साली भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, ट्रकमध्ये घालून त्यांनी मला वसईला आणलं.

माझ्या करामती काय सांगू. एकदा एका खलाशाच्या डोक्याला तबकड्या लावल्या, तर कागदावर अर्नाळ्याचा अख्खा किनारा उमटला, होड्यांसकट. तो कागद उंदरांनी खाल्ला, नाहीतर दाखवला असता. एका आजोबांच्या मनात सुका बोंबील आला, तशी माझी आठही पेनं स्वयंपाकघराच्या दिशेला वळली. आता यातलं किती खरं ते तुम्ही ठरवा. मिठागरांच्या मुलखात राहतो मी, थोडं मीठ लागणारच. इथून पुढचं मात्र मीठ न लावता सांगतो.

हंसा ही नालासोपाऱ्याच्या खाडीकडची मुलगी. आईवडील, कृष्णाबाई आणि हरेश्वर, भातशेती करणारे. वडिलांच्या उंच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत ती विरारच्या शाळेत जायची. एका नवरात्रात तिने उपास धरले, प्रार्थनेला उभी राहिली आणि धाडकन पडली. दोन दिवसांनी पुन्हा पडली. घाबरून आईने तिला इनेझबाईंकडे आणलं.

आमच्या हिल्डा सिस्टरना 'मेंदूचा आलेख' हा शब्द जड वाटे. पोर भिऊ नये म्हणून त्या म्हणाल्या, "उद्या या हं, डोक्याचा फोटो काढू."

मित्रांनो, फोटो म्हटल्यावर खाडीकडची कुठली आई पोरीला तशीच आणेल? कृष्णाबाईंनी खोबरेल ओतून हंसाचे केस चोपडले, करकचून वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला, पावडर लावली. हंसा माझ्यासमोर ताठ बसली आणि माझ्याकडे बघून हसली. चाळीस वर्षांत माझ्याकडे बघून हसलेली ती एकटीच.

रीत अशी की केस मोकळे करायचे, डोक्याची कातडी स्पिरिटने घासून कोरडी करायची आणि मगच तबकड्या लावायच्या. इनेझबाई वेणीला हात घालणार, तोच हंसा म्हणाली, "वेनी नका ना सोडू. आयेनं फोटूसाठी बांधलीय."

बाईंना राहवलं नाही. शिवाय वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. त्यांनी तबकड्या तशाच, तेलकट केसांत सरकवल्या.

आणि माझी पेनं उसळली. अशा उंच, टोकदार लाटा बाईंनी कुठे पाहिल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, आपण जे शोधत होतो ते हेच. हंसाला मिरगी आहे असं ठरलं. पुढेही बोलावलं की हंसा तशीच नटून यायची, वेणी कोणी सोडायचं नाही आणि लाट नेमाने यायची. मुंबईच्या सभेत बाईंनी ती पडद्यावर दाखवली. टाळ्या पडल्या. परदेशातल्या एका संस्थेतून बोलावणं आलं. तिथे म्हणे मेंदूचा खराखुरा फोटो काढणारं नवं यंत्र होतं. बाईंनी मला कुरवाळलं. मी फुगलो.

तिकडे हंसाच्या गोळ्या सुरू झाल्या. विहिरीवर जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, सायकल तर नाहीच. हरेश्वरांनी सायकल आढ्याला टांगली. वर्गात पोर पेंगायची, म्हणून शाळा सुटली. कृष्णाबाई एकदा म्हणाल्या, "जागी हाय, पन निजल्यावानी दिसते." बाईंनी गोळी वाढवली. अशी तीन वर्षं गेली.

मग एका सोमवारी मला नव्या वायरी बसवल्या. त्या तपासायला डोकं हवं होतं, म्हणून इनेझबाईंनी स्वतःचंच दिलं. आदल्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्यांच्या आईने त्यांच्या डोक्यावर तेल थापलं होतं. हिल्डा सिस्टरनी बटण दाबलं.

तीच लाट. तश्शी.

सिस्टरनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. बाई क्षणभर स्वतःच्याच आजाराच्या धास्तीने पांढऱ्या पडल्या. मग त्यांनी हळूच केसांतून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. उठल्या, बेसिनवर साबणाने डोकं धुतलं, पुसलं, पुन्हा बसल्या. माझी पेनं शहाण्या मुलांसारखी चालली. लाट गेली. तेलावर तबकड्या नीट टेकत नाहीत, की माझी पेनं अशी बहकतात.

परदेशाचं बोलावणं एका बाजूला, हंसा दुसऱ्या बाजूला. सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, इथे आपण दोघीच आहोत."

"हंसा आहे ना," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात माझी शाई सारखी गळत होती. सिस्टरना वाटलं, नळी फुटली.

रविवारी दोघी खाडीकडे गेल्या. तिथे काय झालं ते सिस्टरनी मला पुसता पुसता सांगितलं. इनेझबाईंनी अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पोरीला मिरगी नव्हती, ती उपाशी होती. गोळ्या एकदम नाही, हळूहळू बंद करू. चूक माझी.

कृष्णाबाई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "त्याल तं मीच लावलं व्हतं, बाई. मीच माझ्या पोरीच्या डोक्याला."

बाईंना हे सोसवेना. त्या सांगू लागल्या, तेलाचा दोष नाही, आईचा तर नाहीच, मी केस सोडायला हवे होते. मग सिस्टर रडू लागल्या, फोटो हा शब्द माझा. हरेश्वर म्हणाले, मीच विचारायला पाहिजे होतं. चौघंही अपराध आपल्याकडे ओढू लागले, जाळ्यातला हलवा मासा ओढावा तसा.

ओटीवर हंसा उभी होती. ती म्हणाली, "कोनाची चूक ते ठरवा बसून. तवर माझी सायकल खाली काढा."

सायकल उतरली. दोन्ही चाकं बसलेली. हंसाने पंप आणला आणि काही न बोलता इनेझबाईंपुढे धरला. सिस्टर सांगत होत्या, भर उन्हात, इस्त्रीच्या साडीत, डॉक्टरीणबाई हवा भरत होत्या आणि घाम पुसायला थांबत नव्हत्या. हंसा चाक दाबून बघायची आणि म्हणायची, "अजून."

काही महिन्यांनी हंसा माझ्यासमोर शेवटची बसली, केस धुऊन, मोकळे सोडून. आलेख नीट आला. या वेळी ती हसली नाही. सायकल परत आली, शाळा आली नाही. तिच्या बरोबरीच्या मुली तोवर पुढे निघून गेल्या होत्या.

बाईंनी सगळ्यांना कळवलं, ती लाट खोबरेलाची होती. मुंबईत हसू झालं. परदेशाचं बोलावणं आलं तसं परत गेलं. पुढे मुंबईतच मेंदूचे फोटो काढणारं नवं यंत्र आलं, एखाद्या बोगद्याएवढं. इनेझबाई तिकडे गेल्या आणि मी गाद्यांखाली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. धुळीत मी सुखी आहे. फक्त एवढंच, की माझ्यासारख्या कोणी काही काढून दाखवलं, तर कागदाकडे बघण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, सकाळी जेवलास का, घरून कशी तयारी करून आलास. कागद टाळ्या मिळवून देतो. तीन वर्षं मात्र दुसऱ्याची जातात.

निवृत्त झालेल्या हिल्डा सिस्टर एकदा मुंबईला बाईंना भेटून आल्या. त्या नव्या यंत्राला तेल, गजरा, पावडर, कशाचंही वावडं नाही. तरीही बाई बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकाला विचारतात, "केसांना तेल लावलंय का?"

एका म्हातारीने उलट विचारलं, "का गो, तेलानं फोटू बिघडतो?"

"या यंत्रात नाही बिघडत," बाई म्हणाल्या, आणि तरीही तिच्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.