माझ्या पाण्यात स्पंज कुणी कोंबला?

मी एक जुनी बशी आहे, मित्रांनो, आणि आज मी भयंकर चिडलेली आहे. गोड गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर खुशाल उठा.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या जोडीला एक कप होता. या घरातली आई रोज सकाळी आमच्यातून चहा घ्यायची. "या बशीत चहा कसा पटकन निवतो," असं कौतुकाने सांगायची. मग कप फुटला. कपाशिवाय बशीला कोण विचारतं? माझी रवानगी ओट्याखाली झाली, झुरळांच्या शेजारी.

तिथून मला ताईने उचललं. ताई म्हणजे घरातली थोरली मुलगी. तिने एक टॅरँटुला पाळली होती. तळहाताएवढी, केसाळ, तपकिरी कोळीण. तिचं नाव मखमल. काचेच्या पेटीत, नारळाच्या भुशावर ती राहायची आणि कोपऱ्यात मी, पाण्याने भरलेली. मखमल माझ्या काठावर पुढचे पाय टेकायची, तोंड पाण्याला लावायची आणि बराच वेळ तशीच थांबायची. चहा भुरकणाऱ्यांनी मला इतक्या शांतपणे कधी वापरलं नव्हतं. मी सुखात होते.

मग ताई कामासाठी परगावी गेली. जाताना बजावून गेली, "मामा, दुसरं काही करू नकोस. फक्त बशीतलं पाणी बदलत जा."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरातला उंटावरचा शहाणा. नुसतं पाणी बदलणं त्याला कमीपणाचं वाटलं. तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला, सल्ला घेऊन आला आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा कापून माझ्यात कोंबला.

"अरे, मग ती पिणार कशी?" आईने विचारलं.

"अगं अक्का, कोळी पाणी पीत नसतात, ओलावा चोखतात. उघड्या पाण्यात बुडून मरेल ती. दुकानदारच म्हणाला."

बुडून मरेल म्हणे! माझी खोली बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही! मला तळपाय नाहीत म्हणून, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

स्पंजाने माझं सगळं पाणी गिळलं. मखमल आली, तिने तोंड लावून पाहिलं, चाचपलं आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा गेली. स्पंज वरून कोरडा पडला, खालून बुळबुळीत झाला, घाण वास मारू लागला. मामा रोज त्यावर चमचाभर पाणी शिंपडायचा आणि मोठं काम केल्यासारखे हात झटकायचा. मखमलचं पोट सुरकुतलं. एके दिवशी तिने आठही पाय अंगाखाली आवळून घेतले.

"कात टाकतेय," मामा म्हणाला. "आपल्याला कळतं त्यातलं."

डोंबलाचं कळतं! कात टाकताना ती पाठीवर उताणी पडते, हे मी याच पेटीत पाहिलं होतं. ती तहानेने मरत होती आणि मी वीतभर अंतरावर, तोंडात बोळा कोंबलेली. ओरडणार तरी कशी?

त्याच दुपारी ताई परतली. पेटीत डोकावली आणि खांद्यावरची बॅग उतरवायचीच विसरली. तिने स्पंज उपटून भिंतीवर फेकला, मला खसाखसा घासलं, धुतलं, भरलं. मखमलला अलगद उचलून तिने माझ्या काठावर ठेवलं, तोंड पाण्याला टेकेल आणि पोट बाहेर राहील असं. मी जीव मुठीत धरून थांबले. बऱ्याच वेळाने पाणी बारीकसं हललं. ती पीत होती. संध्याकाळपर्यंत तिचा एक पाय सरळ झाला, मग दुसरा.

"मला काय माहीत?" मामा पुटपुटला. "ती काही बोलली असती तर..."

"मामा, आठ पाय आवळून बसली होती ती. आणखी काय बोलायला हवं होतं?"

मामाने मान खाली घातली. घालू दे. माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, मुका जीव घरात आणलात, तर त्याच्यावर आपलं शहाणपण पाजळू नका. उथळ भांडं ठेवा, स्वच्छ पाणी भरा आणि बाजूला व्हा. पाणी आहे ना, हे रोज स्वतः वाकून बघा. ताई वेळेवर आली म्हणून मखमल जगली. तुमच्या घरातल्या पेटीत कोण डोकावणार आहे?