रोबोट सापडला नाही

झाशीजवळ, बिजौलीच्या पुढे नव्याने निघालेल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात शाल्मलीला नोकरी लागली. रोबोटिक्सच्या संशोधन प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर लावायचे, त्यांच्यावर लिनक्स ही प्रणाली टाकायची आणि ते रोबोटच्या यांत्रिक हाताला जोडायचे, हे तिचं काम. वडील सुभाषचंद्र सरकारी कंपनीतले. मुलगी खासगीत गेली म्हणून ते खट्टू होते, पण शेजाऱ्यांना ‘हमारी बिटिया रोबोट बनाती है’ असं सांगायला त्यांनी सुरुवात केली होती.

कॉम्प्युटर लवकरच तयार झाले. यांत्रिक हात मात्र लाकडी खोक्यातच पडून राहिला. संचालक श्यामसुंदरजींचं म्हणणं असं की, आधी उघडला तर धूळ बसेल; उद्घाटनाला कुणी मोठा माणूस मिळू दे, मग बघू.

निदान आपली बाजू पक्की असावी म्हणून शाल्मलीने हाताला जोडणारा प्रोग्राम चालवून पाहिला. हातच नव्हता, त्यामुळे काळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ पुन्हापुन्हा उमटू लागली: रोबोट सापडला नाही, पुन्हा शोधत आहे. नेमके तेव्हाच श्यामसुंदरजी आत आले. सरसर वर सरकणाऱ्या ओळी बघून ते दारातच थबकले.

“इसको कहते हैं रिसर्च,” ते म्हणाले.

ही तक्रार आहे, संशोधन नव्हे, असं तिने परोपरीने समजावलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि सगळ्या कॉम्प्युटरवर हेच चालू ठेवायला सांगितलं. मग प्रवेशाच्या दिवसांत पार लांबच्या गरौठ्यापासूनचे पालक येऊन स्क्रीनसमोर फोटो काढून जाऊ लागले. विद्यार्थ्यांना आत यायला बंदी झाली. कुणाचं बोट चुकून बटणावर पडलं तर संशोधन थांबलं असतं.

पुढे तपासणी समिती आली. बाकीचे सदस्य समोशांकडे वळले. अध्यक्ष शरदचंद्र, नागपूरचे प्राध्यापक, तेवढे स्क्रीनला नाक लावून उभे राहिले. शाल्मलीचं मराठी आडनाव ऐकल्यावर ते आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, “रोबोट सापडत नाही म्हणतोय हा.”

“हो सर. तो खोक्यात आहे.”

तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. खोक्यावर कुणीतरी टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली होती. तिला एकदम हलकं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ती ओळ वाचली होती, आणि वाचणारा आपल्या भाषेतला होता. आता हा माणूस सगळ्यांसमोर त्या खोक्याबद्दल विचारेल, असं तिला वाटलं.

शरदचंद्र पुन्हा स्क्रीनकडे वळले.

“आमच्याकडे अक्षरं पांढरी येतात,” ते म्हणाले. “ही हिरवी कशी केलीस?”

तिने दाखवलं. दुसरं काय करणार? त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि समोसे संपायच्या आत बाहेर गेले. प्रयोगशाळेला सर्वोत्तम शेरा मिळाला. खूश झालेल्या श्यामसुंदरजींनी तिला विभागप्रमुखाचं पद देऊ केलं.

तिने विचार करायला वेळ मागितला आणि गुपचूप पुण्याच्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आली. तिथल्या बाईंनी विचारलं, रोबोट प्रत्यक्ष चालवण्याचा अनुभव किती?

शाल्मली खरं बोलली, आणि झाशीला परत येऊन विभागप्रमुख झाली.