खोलीत कुणी नाही

साहेब, आरोप थेट तुमच्यावर आहे. तिने तुमच्याकडे सकाळचे दोन तास मागितले होते आणि तुम्ही तिला स्क्रीनवरची एक बाई दिलीत. वर सूचना फलकावर लावलंत, की आमचं ऑफिस कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घेतं. मनाची घेता हो. पण ते मन ज्या माणसात असतं त्याचं काय?

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. असली ऑफिसं तुमच्याआमच्या गप्प बसण्यावरच चालतात.

ती वीजपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसते. पलीकडे दिवसभर चिडलेली माणसं. कुणाचा फ्यूज उडालेला, कुणाला बिल दुप्पट आलेलं, कुणाचं बायकोशी बिनसलेलं आणि राग विजेवर काढलेला. कितीही शिव्या पडल्या तरी हिचा आवाज चढत नाही, म्हणून ऑफिसात तिला बर्फ म्हणतात.

घरी ती आणि तिचे बाबा. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला, त्यांचा आवाज कानावर आला की रस्त्यातून बाजूला व्हायला. असा गडगडाटी माणूस एका सकाळी दाढी करता करता खाली बसला, तो शरीराची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही घालवून.

"वाचा परत येऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "पण सुरुवातीचे महिने फार मोलाचे. रोज सकाळी, ते ताजेतवाने असताना, समोर बसून बोलायचा सराव करून घ्या. आणि घाई अजिबात नको."

सकाळीच तर तिची ऑफिसची पाळी. म्हणून ती साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिली.

"तीन महिने दोन तास उशिरा येऊ द्या, साहेब. संध्याकाळी तेवढं जास्त बसते."

"घरी दुसरं कुणी नाही?"

"दिवसा आया येते. पण तिला भरवण्यापुसण्यातच वेळ जातो. भाऊ परगावी असतो."

"मग त्याला बोलवा की. हे काही नियमात बसत नाही." साहेबांनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यावर ताण दिसतोय बरं का. आपण ऑनलाइन समुपदेशन सुरू केलंय, ते घ्या. घरबसल्या, फुकट."

तिने दादाला फोन केला. दादा खूश झाला. "अगं, घे ना! आमच्याकडे लोक पैसे मोजून घेतात. मनातलं बोललं की हलकं वाटतं."

"मला हलकं व्हायचं नाहीये, दादा. बाबांना उचलायला माणूस पाहिजे."

"बघतो गं," दादा म्हणाला. बाबा आजारी पडल्यापासून तो बघतच होता.

दुसरं काही मिळेना, तेव्हा तिने तेच घेतलं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी बैठका सुरू झाल्या. घर दोन खोल्यांचं. पलीकडच्या खोलीत बसावं, तर बाबा पलंगावरून घसरले तरी कळायचं नाही. म्हणून तिने बाबांच्याच खोलीत, पलंगाकडचा दिवा मालवून, त्यांच्याकडे पाठ करून लॅपटॉप मांडला आणि कानात हेडफोन घातले. स्क्रीनवरची बाई समजूतदार होती. पहिला प्रश्न तिने ठरलेला विचारला. "खोलीत आणखी कुणी आहे का? तुम्हाला मोकळं बोलता येईल ना?"

"कुणी नाही," ती म्हणाली. पहिल्यांदा म्हणताना जीभ जरा अडखळली. पुढच्या वेळी अडखळली नाही.

सराव तोवर सुटलाच होता. ती थकून घरी यायची तेव्हा बाबाही पेंगुळलेले असायचे. 'आ' म्हणा म्हटलं की ओठातून लाळ गळायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ऑफिसात शिव्या देणाऱ्यालाही 'आपली अडचण समजली' म्हणणारी ही, बापावर खेकसायची. मग तिने खेकसणंही सोडलं. ती भरवायची, कूस बदलायची, दिवा घालवायची. बोलायची नाही.

एका गुरुवारी तिचा बांध फुटला. "खरं सांगू का, मॅडम? त्या दिवशीच सुटले असते तर बरं झालं असतं. तेही आणि मीही."

बाई हिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"ताई, तुमच्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही."

"आत्ता कुणीतरी चादर तोंडावर ओढून घेतली."

तिने वळून पाहिलं. बाबांचा धड हात चादरीची कड मुठीत धरून होता, आणि आतून चादर थरथरत होती.

"ही बैठक मी इथेच थांबवते," बाई म्हणाली. "त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही."

"मग कुठे जाऊ?" बर्फाचा आवाज परक्या माणसासमोर पहिल्यांदा चढला. "जिन्यात बसू? यांना एकटं टाकू? सांगा ना, शिकलेल्या आहात तुम्ही!"

"तुम्ही वाईट नाही आहात, ताई. तुम्ही एकट्या आहात, आणि हे दोन्ही वेगळं असतं. ऐकून घेणं हे माझं काम आहे आणि त्याचा उपयोगही होतो. नाहीतर आजचं तुमच्या तोंडून बाहेरच पडलं नसतं. पण मी त्यांना कुशीवर वळवू शकत नाही. तुम्हाला दार लावून माझ्याशी बोलायचं असेल, तर दाराच्या पलीकडे त्यांच्यापाशी कुणीतरी बसायला हवं. ते माणूस मी नव्हे. तुमची हरकत नसेल तर मी ऑफिसला तसं कळवते."

हरकत कसली? बाईने कळवलं. साहेबांचं उत्तर आलं: संबंधित कर्मचाऱ्याच्या बैठका वाढवून देण्यात येत आहेत.

बैठक थांबली त्याच संध्याकाळी तिने चादर हळूच खाली ओढली होती. "बाबा, चुकलं माझं." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती सरावाला बसली की ते ओठ घट्ट मिटून घेत.

शेवटी तिने दादाला फोन लावला आणि आपण काय बोललो ते जसंच्या तसं सांगितलं. "हे मी बोलले, दादा. पण मला इथवर आणून सोडलं कुणी? तुझ्या त्या 'बघतो'नेच ना?"

दादा म्हणाला, "निघतो मी."

त्याला लगेच रजा मिळाली. बाप आजारी, मुलाने जायलाच हवं, असं त्याचे साहेब म्हणाले. मुलगा गेला तर कर्तव्य, मुलगी मागते तेव्हा ताण. हा हिशोब कुणी बसवला?

दादाला सराव कसा घ्यायचा ते ठाऊक नव्हतं. तो नुसता पलंगाशी बसून बडबडायचा. "बाबा, मी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो हं. पेट्रोल वाचतं." गाडी शिकवणाऱ्या माणसाला हे सोसेना. बाबांचं तोंड वेडंवाकडं झालं, मान हलली, आणि आतून निघालं, "ना... ना."

पलीकडच्या खोलीत, आयुष्यात पहिल्यांदा दार लावून, ती बाईशी बोलत होती. आवाज ऐकून ती रडली. आनंदाने रडली, आणि तो शब्द आपल्यापाशी बोलला गेला नाही म्हणूनही.

डॉक्टरांनी तपासलं. "येईल तेवढं येईल. आधी सुरू झालं असतं तर बरंच आलं असतं."

तेव्हा वाचणाऱ्यांनो, शेजारी, नात्यात, ऑफिसात कुणी एकटं माणूस आजारी माणसाला सांभाळत असेल, तर त्याला 'स्वतःची काळजी घे' म्हणू नका. तासभर जा आणि त्या आजाऱ्यापाशी बसा. त्या माणसाला दार लावून मोकळं रडू द्या. उपचार मागाहून. आधी माणूस.

आणि साहेब, दादाची रजा या महिन्याअखेर संपतेय. सोमवारी ती पुन्हा तुमच्यासमोर उभी राहील. तिला पाणी विचारू नका, ताण किती आहे तेही विचारू नका. सकाळचे दोन तास देणार की नाही, तेवढं सांगा.