माझा ‘ण’ तुटला तेव्हा

मित्रांनो, खिडकीपाशी जो हिरवट, जडसा दिसतो आहे ना, तो मी. एक जुना मराठी टाइपरायटर. पंचवटीतल्या या घरात माझे म्हातारपण सुखात चालले आहे, पण माझा जन्म काही गोष्टी लिहायला झाला नव्हता.

कारखान्यातून निघालो तो थेट नाशिकरोडच्या एका सरकारी कचेरीत. तिथे सगळा रुक्ष कारभार. रजा मंजूर, बदली नामंजूर, आपला विश्वासू. ओळ संपत आली की माझी घंटा वाजायची आणि शेजारी पेंगणारे मोतीराम कारकून दचकून उठायचे. साहेब म्हणायचे, “काय सुबक अक्षर आहे!” मी फुलून जायचो. मग संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. येणारे-जाणारे माझ्यावर चहाचे कप ठेवून जात. धूळ किती जड असते, ते मला तिथे कळले.

जुन्या सामानाच्या लिलावातून मनीषाबाईंनी मला घरी आणले. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मुलांसाठी त्या पुराणातल्या आणि प्राचीन इतिहासातल्या गोष्टी लिहीत. त्यांनी मला तेलपाणी केले, नवी रिबन घातली आणि पहिलाच शब्द उमटवला, ‘रावण’. रजा-बदल्या लिहिणाऱ्या माझ्यातून दहा तोंडांचा राजा निघाला! मग कर्ण आला, द्रोण आले, सातकर्णी राजा आला, डोंगरात लेणी कोरणारे कारागीर आले. बाई मोठ्याने बोलत टाइप करायच्या. वाक्य जिभेवर अडखळले, की कागद काढून नवा घालायच्या. ते दिवस आठवले की अजून माझ्या कळा शिवशिवतात.

शनिवारी दुपारी मुले ओट्यावर जमत आणि ताजी पाने आळीपाळीने वाचत. मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या चांगुणाआजींबरोबर त्यांची नात राखीही येई. पण पान हातात आले, की ती ते मुकाट्याने पुढे सरकवी.

“घरी लय वाचती, बाई,” आजी म्हणायच्या. “म्हशीला बी वाचून दाखवती. चारचौघांत तोंड उघडत नाय. आता तर म्हणती, शाळाच नको.”

“शाळा नको? का गं राखी?” बाईंनी विचारले. राखी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली.

कारण बंटीला ठाऊक होते. तो तिच्याच वर्गातला. वाचताना राखी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली होती. तेव्हापासून ती दिसली, की बंटी ओरडे, “पानी आली रे, बादल्या लावा!”

बाई त्याला रागावल्या. पण रागावल्याने हसणे थांबते, भीती थांबत नाही. राखी आली तरी खांबाआड बसू लागली. बाईंचे टाइप करणे मधेच थांबे आणि त्या खांबाकडे बघत राहत.

अशात माझा ‘ण’ तुटला. मराठी टाइपरायटरवर ‘ण’ एका फटक्यात उमटत नाही. आधी अर्धा ण, मग काना. ‘शूर्पणखा’ लिहिताना तो अर्धा ण मोडून खाली पडला.

“आई, याचा पार्ट आता मिळायचा नाही,” बाईंचा मुलगा जीवन म्हणाला. “देऊन टाक भंगारात. लॅपटॉप आणलाय ना तुला!”

“एक दात पडला म्हणून माणूस टाकतात का रे?” बाई म्हणाल्या. ‘ण’च्या जागी त्या ‘न’ टाइप करू लागल्या. मागाहून लाल पेनने दुरुस्त करत. त्या शनिवारी मात्र दुरुस्तीच्या आधीच मुले येऊन बसली.

बंटीने पान घेतले. “राम, सीता आणि लक्ष्... लक्ष्मन?” तो खो खो हसला. “बाई, तुमचंपण पानी झालं!”

“यंत्राचं अक्षर तुटलंय. पण कोण आला ते कळलं ना तुला?”

“लक्ष्मण.”

“मग वाच पुढे.”

बंटीला पुढे जाता येईना. दर शब्दाला अडायचा, मागे यायचा. “रावन... रावण... बान... काय कटकट आहे!” म्हणत त्याने पान खाली ठेवले.

खांबाआडून हात आला. राखीने पान उचलले आणि वाचू लागली. पानावर होते तसेच, तिच्या जिभेला सवयीचे. ती कुठेच अडली नाही. नाक कापल्यावर शूर्पनखा आक्रोश करत रानातून धावली, तिथे राखीचा आवाज असा चढला, की भाजीच्या पाटीपाशी बसलेल्या आजींनी तोंडाला पदर लावला. मुले पुढे सरकून बसली. बंटीही सरकला.

“पुढं काय झालं?” शेवटी त्यानेच विचारले. “सांग ना, राखी!”

बाईंनी लाल पेन राखीच्या हातात दिले. “आता ‘ण’ तू कर. जिभेचं टोक वर वळव, टाळ्याला लाव आणि सोड.”

“ण,” राखी म्हणाली. तिने लक्ष्मण केला, रावण केला. मग थांबली. “बाई, ह्या ‘नाक’चा बी ‘णाक’ करायचा?”

“नको गं बाई! आधीच कापलंय बिचारीचं!”

सगळा ओटा हसला. त्या हसण्यात राखीही होती.

मित्रांनो, माझा ‘ण’ पुन्हा बसला नाही. आजही ती जागा रिकामी आहे. राखी दर शनिवारी लाल पेन घेऊन ती भरते आणि दुरुस्त केलेले पान पहिल्यांदा तीच वाचते. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर त्याची धूळ पुसा, तेलाचा थेंब घाला. आणि वर्गात कोणी ‘पानी’ मागितले, तर आधी पेला पुढे करा. ‘ण’ मागाहून शिकवता येतो.