गज चार बोटं वर

खातूनने आपल्या गजाच्या टोकाचा पेच फिरवून तो वर ओढला आणि बंदुकीच्या नळीतून गुटख्याची तिसरी पुडी बाहेर आली. पुडीमागून काळपट पाणी आलं, त्यात उंदराच्या लेंड्या. शी! बिबवेवाडीच्या कारखान्यात ती तीस वर्षं ठासणीच्या बंदुकांत दारू ठासायचे गज, दारू मोजायची मापं आणि शिंगाच्या दारूदाण्या घडवत होती. पण बंदुकीची अशी पिकदाणी केलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

"कोण थुंकतं हो यात?"

"पाहुणेरावळे बसतात इथं," हिंमतराव सोफ्यावरून म्हणाले. "टाकत असतील कुणी. आता प्रत्येकाच्या मागं कुठं फिरायचं?"

"नाही, नाही. पाहुण्यांची गैरसोय नको व्हायला."

टोमणा हिंमतरावांच्या डोक्यावरून गेला. वाघोलीतला हा बंगला नवा होता, बंदूक मात्र त्यांच्या वडिलांची, आबांची. आबा चाळीस वर्षांपूर्वी गेले. दर खंडेनवमीला बंदुकीची पूजा व्हायची, झेंडूचा हार चढायचा, आणि वर्षभर परत ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी. तिचा गज कधीच हरवला होता. उद्या खंडेनवमी, अर्धं गाव येणार, म्हणून पितळी टोकाचा नवा गज हवा होता. माप घ्यायला खातून घरी आली होती.

"गज दिसायला भारी पाहिजे," हिंमतराव सांगत होते. "यंदा आवाज काढायचाय. दारूबिरू नाही, नुसती घोड्याखालची टोपी वाजवायची. नातीनं, राजनंदिनीनं बंदूक धरायची आणि आमच्या योगेशनं समोरून व्हिडिओ काढायचा."

"समोरून?"

"रिकामी आहे हो. टोपीचं भोक कुंकवानं पार बुजलं होतं, ते पण योगेशनं सुई घालून मोकळं केलं."

खातूनने पेच काढून नुसता गज पुन्हा नळीत सोडला. टक्. नळीच्या तोंडाशी नखाने खूण केली, गज बाहेर काढून नळीला लावून धरला. नळी रिकामी असेल तर गजाचं टोक बरोबर टोपीच्या भोकापाशी यायला हवं. टोक चार बोटं वर राहिलं. तिने पुन्हा मोजलं. चार बोटं.

"आत भरलेला बार आहे," ती म्हणाली.

"कचरा असेल अजून. सोडा हो. तुम्ही गज चार बोटं आखूड करा, म्हणजे झालं."

आखूड करा! खातूनच्या अब्बांच्या उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट उरलं होतं. बाकीची अशाच एका रिकाम्या बंदुकीने नेली होती. त्या हाताने जेवताना भात सांडायचा आणि लहानपणी तिला त्याची किळस यायची. आज किळस येत होती ती या सोफ्यावरच्या माणसाची.

"हिंमतराव, गज आखूड केला म्हणून नळी रिकामी होत नसते. समोर तुमचा मुलगा उभा राहणार आहे. बार काढल्याशिवाय मी गज देणार नाही."

"बरं बाई, काढा. हौस फिटू द्या तुमची."

तिने नळीत कोमट पाणी ओतलं आणि ते आत मुरेपर्यंत थांबली. मग पेच खाली नेऊन सावकाश फिरवला. गज जड झाला. दोन्ही पायांत बंदूक धरून तिने तो ओढला, आणि कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी वर्तमानपत्रावर पडली. तिच्यामागून काळा चिखल घळघळला. दारू! हिंमतराव सोफ्यावरून उठले. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण क्षणभरच.

"बघितलंत? आबांनी दरोडेखोरांसाठी भरून ठेवलेली असणार! वाघ माणूस. उद्या सगळ्यांना सांगतो."

उद्या पोरगा मेला असता, आणि याला भाषण सुचतंय. खातूनने मान फिरवली. गोळीवरचं कापड तिने चिमटीने उलगडलं. ओलं, काळं झालेलं, तरी लाल काठ दिसत होता. एका बाजूला बारीक हातशिलाई. दुसऱ्या बाजूला कापलेलं नव्हतं, टराटरा फाटलेलं होतं.

दाराशी हिंमतरावांच्या आई, कौशल्याबाई, तोरणासाठी झेंडू ओवत बसल्या होत्या. त्या सुई खाली ठेवून आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"माज्या चोळीची बाही हाय ती."

"तुझी?" हिंमतराव हसले. "मग आबांनी चिंधी म्हणून घेतली असेल."

"त्यांनी फाडली. ठासली मी."

खातूनने बंदूक हळूच आडवी ठेवली. कौशल्याबाई भिंतीवरच्या, चंदनाचा हार घातलेल्या आबांच्या फोटोकडे बघतही नव्हत्या.

"बघून बघून शिकले व्हते," त्या खातूनला म्हणाल्या. बाईमाणसाला सांगावं तसं. "पर येळ आली न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी उठलंच न्हाईत ते. एवढं बी माज्या हातून हू दिलं न्हाई मेल्यानं. बार इतक्या वर्सांत भिजून वाया गेला आसंल, असं वाटलं व्हतं मला."

हिंमतराव खाली बघत होते. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ते गालिच्याची कड दाबत राहिले. मग घसा खाकरून हळू आवाजात म्हणाले,

"आई, उद्या लोकांपुढं यातलं काही नको. बार दरोडेखोरांसाठीच भरला होता. आणि खातूनबाई, तुम्ही पण."

कौशल्याबाईंनी ओली बाही उचलून तळहातावर सरळ केली.

"का भरला व्हता, ते इचारलं न्हाईस, हिंमत."

हिंमतराव पुन्हा अंगठ्याने गालिच्याची कड दाबू लागले.

"पंधरा वर्साचा व्हतास तू तवा. पलीकडच्या खोलीत निजायचास," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, पोरगं झोपलंय."