चारमिनारावरचा हत्ती

मी एक जुनी सैरबीन आहे. मित्रांनो, सैरबीन म्हणजे काय हे तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नसेल, तर मी रुसणार नाही. मला पाहून लोक आजकाल ‘ही कसली पेटी?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता माझ्यावर चहाचा पेला टेकवतात. माझ्या पाठीवर अशा पेल्यांची नऊ वर्तुळं उमटली आहेत. तरी सांगते, ऐका. माझ्या पोटात दोन रूळ, त्यांवर गुंडाळलेली चित्रांची लांब पट्टी, बाजूला ती फिरवायची पितळी मूठ आणि समोर तीन भिंगं. भिंगाला डोळा लावला की आतलं चित्र एवढं मोठं आणि एवढं जवळ दिसायचं, की चांगल्या जाणत्या माणसांचाही हात आपोआप पुढं जायचा.

माझं लाकूड मेळघाटातल्या सागाचं, घडण अकोल्याची आणि भिंगं बऱ्हाणपूरच्या बाजारातली. चित्रं काढली ती एलिचपूरच्या एका चिताऱ्यानं. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता, तरी मुलूख निजामाचाच म्हणायचे. त्यामुळं राजधानी म्हटली की आमच्याकडच्या माणसाला हैदराबादच आठवायचं. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यानं जे जे पाहायलाच हवं, ते सगळं माझ्या पोटात होतं. चारमिनार, मक्का मशीद, मुसी नदीवरचा जुना पूल, हुसेनसागर तलाव, गोवळकोंड्याचा किल्ला, बांगड्यांचा लाड बाजार आणि शेवटी नवाबाची स्वारी.

आता एक गुपित सांगते. त्या चिताऱ्यानं हैदराबाद पाहिलंच नव्हतं. एलिचपूरच्या छावणीतल्या एका शिपायानं त्याला सगळं तोंडी वर्णन करून सांगितलं, आणि शिपाई होता बोलघेवडा. म्हणून माझ्या पहिल्याच चित्रात चारमिनाराच्या वरच्या मजल्यावर, चार मिनारांच्या मधोमध, झूल घातलेला एक हत्ती उभा होता. मला त्या हत्तीचा फार अभिमान वाटायचा.

माझा मालक इनायतुल्ला अकोल्याचा. अंगानं काडी, पण आवाज असा की जत्रेच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाची जनावरं कान टवकारत. त्यानंही हैदराबाद पाहिलं नव्हतं. त्याची धाव बहिरमच्या जत्रेपर्यंत. पण तोंड उघडलं की असा काही रंग भरायचा की विचारू नका. “आओ मेहेरबान, डोया लावा! ये देखो चारमिनार, ज्याच्या टोकाले ढग अटकते! ये देखो नवाबाचा हत्ती, रोज सकायी जिना चढून हवा खाले वर जाते!” माणसं हत्ती पाहायची, तोंडात बोट घालायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची.

मग दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या बैलबंड्यांची रीघ लागली. वेचणीवरच्या बायका जत्रेला यायच्या त्या ओटीत कापूस घेऊनच. मूठभर कापूस द्यायचा आणि राजधानी पाहायची, असा इनायतुल्लाचा रिवाज होता. घरी त्याची बायको कुलसुमबी त्या कापसाच्या रजया भरायची.

या सगळ्यांत माझं भारी आवडतं गिऱ्हाईक म्हणजे गोदाबाई. मोर्शीकडच्या एका गावची ही वयस्क कास्तकारीण दर साली बहिरमला यायची. मधलं भिंग तिचं. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं तर ती काही बोलायची नाही, नुसती शेजारी उभी राहायची, आणि बसलेला आपण होऊन उठायचा.

“काहून रे इनायत,” ती एकदा म्हणाली, “मांगच्या साली मिनाराच्या टोकाले घारी बसत व्हत्या, अन् औंदा ढग अटकून राह्यले?”

“राजधानी हाय माय. वाढत राह्यते.”

गोदाबाई तोंडाला पदर लावून हसली. ती का हसली हे तेव्हा मलाही कळलं नाही, आणि इनायतुल्लाला तर नाहीच नाही.

एका साली मात्र तिनं डोळा लावला आणि म्हणाली, “भिंग पूस रे.” त्यानं पुसलं. “अजून पूस.” त्यानं पागोट्याच्या शेवानं पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला तो वाकला. भिंग लख्ख होतं.

“तुह्या भिंगाले काई झालं नाई, इनायत,” ती म्हणाली. “माह्या डोयाले झालं.”

गोदाबाईचा मुलगा खुशालराव त्या दिवसांत कापसावर तरंगत होता. बैलांच्या शिंगांना चांदीची कडी चढवली होती. एका डोक्यावर दोन फेटे बांधता येत नाहीत म्हणून एक बांधायचा आणि दुसरा काखेत मारून फिरायचा. पण माणूस दिलदार, आणि आईवर त्याचा जीव. “माय, तुले सोन्याच्या पाटल्या करतो,” तो म्हणाला.

“डोये गेल्यावर पाटल्या काय करू? मले राजधानीले ने. अन् संग इनायतले घे. वाटेले जाणता माणूस पायजे.”

खुशालराव लगोलग माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि भर जत्रेत म्हणाला, “उस्ताद, तुमी तं तथच्या गल्लीगल्लीत फिरले. चाला आमच्या संग.”

इनायतुल्ला पेचात पडला. हो म्हणावं तर पुढं फजिती, नाही म्हणावं तर सात वर्षांची अब्रू इथंच जत्रेच्या धुळीत. सगळी रांग त्याच्याकडं पाहत होती. मधल्या भिंगापाशी गोदाबाई बसली होती.

“चलू ना,” तो म्हणाला.

घरी कुलसुमबीनं कपाळाला हात लावला. “या अल्ला! तुमको बाळापूर का रस्ता पूछना पडता, और हैदराबाद दिखाने चले? सच बोल दो उस बुढी माँ को.”

“बोलूंगा,” इनायतुल्ला म्हणाला. “रस्ते में बोलूंगा.”

खुशालरावाच्या दमणीत, म्हणजे त्याच्या हलक्या बैलगाडीत, मलाही चढवलं. कारंजा गेलं, वाशीम गेलं, हिंगोली गेली. दर मुक्कामाला इनायतुल्ला खरं सांगायचं ठरवायचा. तेवढ्यात गोदाबाई विचारायची, “चारमिनाराच्या जोळ काय काय हाय रे?” आणि याची जीभ सवयीनं सुटायची. रस्ता विचारायला तो लोटा घेऊन आडोशाला जायचा आणि तिकडून येणाऱ्या बंडीवाल्यांना गाठायचा. दिवसातून सहा-सहा वेळा लोटा उचलतो हे पाहून खुशालरावाला वाटलं, उस्तादांचं पोट बिघडलं. त्यानं त्याला नांदेडपर्यंत रोज मूठभर ओवा चारला. बिचारा मुकाट्यानं खायचा.

नांदेडला गोदावरी लागली. “माह्यं नाव हिचंच,” म्हणून गोदाबाईनं कौतुकानं पाण्यात हात घातला. मग तिनं विचारलं, “पल्याडचा काठ दूर हाय काय रे?” काठ समोरच होता. धुणं वाळत घातलेलं आम्हांला इथून दिसत होतं. इनायतुल्लानं लोटा न उचलताच आडोसा गाठला, आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. माझा मालक थापा मारायचा, पण मनानं तो लोण्यासारखा होता. ज्या चारमिनारासाठी ही बाई निघाली तो तिला दिसणार नाही, आणि जो दिसणार नाही त्याच्याबद्दल आपण सात वर्षं खोटं सांगितलं, हे त्याला खाऊ लागलं होतं.

बाविसाव्या दिवशी मुसी ओलांडून आम्ही वेशीतून शहरात शिरलो. ती गर्दी, तो अत्तराचा वास, त्या पालख्या! आणि समोर चारमिनार. खुशालरावानं भर रस्त्यात दमणी थांबवली, मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं, “हत्ती कुठी हाय?”

शेजारचा बांगडीवाला पोट धरून हसला. “कैसा हाती, पटेल? उस जिने से तो मोटा आदमी तिरछा होके चढता!” आजूबाजूचे सगळे हसले.

खुशालराव सावकाश वळला. त्याच्या हातात बैल हाकायची पराणी होती. “म्हंजे उस्ताद, तुमी हे कधी पाह्यलंच नाई?”

इनायतुल्लानं पागोटं काढून हातात घेतलं. तो खुशालरावाकडं वळलाच नाही, दमणीतल्या गोदाबाईपुढं जाऊन उभा राहिला. “माय, मी झूठा हाय. ह्या शयरात म्या कधी पाऊल टाकलं नाई. सात साल तुले फसवलं.”

“मले ठाऊक हाय,” गोदाबाई म्हणाली.

खुशालरावाच्या हातातली पराणी तशीच राहिली.

“पाह्यलेला माणूस दर साली एकच सांगते बापू. तुह्ये मिनार तं साल-दर-साल वाढत गेले.”

“मंग मले काहून आणलं, माय?”

“साऱ्या मुलखाले राजधानी दाखवली तू. तुले कोनं दाखवली?” ती म्हणाली. “माह्ये डोये गेले रे. हिंगोलीपासून निस्ता उजेड दिसून राह्यला. पोराले सांगतलं नाई, नाई तं त्यानं बैल मांगं फिरवले असते. आता तू पाह्य. अन् जे दिसन ते मले सांग.”

इनायतुल्ला वळला आणि त्यानं वर पाहिलं. मित्रांनो, ज्याच्या तोंडाला सात वर्षांत कधी कुलूप लागलं नाही, तो माझा मालक मुका झाला.   आता तो बोलला नाही, तर ती आंधळी बाई एवढ्या लांब येऊन रिकामी परत जाणार होती.

“सांगा ना उस्ताद,” खुशालराव हळूच म्हणाला. त्यानं पराणी खाली ठेवली होती.

“उंच हाय, माय,” इनायतुल्ला चाचरत बोलू लागला. “पण ढगात नाई. चुना जागोजाग काया पडला. कोनाड्यात कबुतरं हायेत, गंज, मोजताच येत नाई. एकाच्या पायात सूत गुतलं, ते लंगडते. खालच्या कमानीतून गाड्या जाऊन राह्यल्या. अन् सावली पडली. आपण त्या सावलीतच उभे हावो.”

“हां,” गोदाबाई म्हणाली, “थंड लागलं मले.”

त्यानं तिला हात धरून उतरवलं, कमानीपाशी नेलं आणि तिचा तळवा भिंतीवर टेकवला. तिनं बोटांनी भिंत चाचपली. मग हसून म्हणाली, “इतका गार हाय. हे तू कधी सांगतलं नव्हतं.”

मला त्या दिवशी कुणी उघडलं नाही. मी दमणीत गोणपाटाखाली होते. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. माझ्या पोटातली ती झगमगती राजधानी, तो हत्ती, आणि इथं लंगड्या कबुतराचं एवढं कौतुक! पण पुढचे पाच दिवस मी ऐकत राहिले. मक्का मशिदीच्या अंगणात दगड तापलेले होते. हुसेनसागराच्या काठी भाजलेल्या मक्याचा वास होता. गोवळकोंड्याच्या दारात टाळी वाजवली की ती वर डोंगरावर ऐकू जाते, तेव्हा गोदाबाईनंच टाळी वाजवली आणि ऐकायला खुशालरावाला वर पिटाळलं. तो धापा टाकत परत आला, फेटा सुटलेला. लाड बाजारात तिनं कुलसुमबीसाठी बांगड्या चाचपून निवडल्या. इनायतुल्ला फक्त दिसेल तेवढं सांगत होता, आणि मला कबूल करावं लागलं की त्याचं बोलणं इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर त्यानं माझ्या पट्टीला एक आठवं चित्र जोडलं. आयुष्यात कुंचला धरला नव्हता, कोळसा आणि गेरू घेऊन बसला. एक भिंत, भिंतीवर टेकलेला एक म्हातारा हात, आणि खाली एक कबुतर, जे थेट कोंबडीसारखं दिसतं. हत्ती त्यानं पुसला नाही. “हा चिताऱ्याच्या मनातला हाय, तथी नाई,” एवढं सांगायचा. काही लोक कुरकुरले, हत्ती खरा होता तेव्हा मजा यायची म्हणाले.

पुढच्या बहिरमला गोदाबाई आली. आता उजेडही दिसत नव्हता. तिनं मूठभर कापूस दिला, मधल्या भिंगापाशी बसली आणि रिवाजाप्रमाणं डोळा लावला. इनायतुल्ला मूठ फिरवू लागला. आठव्या चित्राला तिनं माझ्या अंगावर तळवा टेकवला आणि म्हणाली, “हां. गार हाय.” मी सागवानाची, दिवसभर उन्हात तापलेली. पण त्या हाताखाली मलाही मी गार वाटले.

ती आणखी दोन जत्रांना आली. तिसऱ्या जत्रेला खुशालराव एकटाच आला आणि मूठभर कापूस ठेवून मधल्या भिंगापाशी उभा राहिला. त्या वर्षी मधलं भिंग इनायतुल्लानं कुणालाच दिलं नाही.

मग कापसाचा भाव पडला, अकोल्याला आगगाडी आली, लोक तिकीट काढून खरी शहरं पाहू लागले. ते योग्यच झालं. माझी मूठ गंजली. आज मी इनायतुल्लाच्या वंशजांच्या गादीच्या दुकानात आहे, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी. कापूस काही माझी पाठ सोडत नाही.

मित्रांनो, कधी अकोल्याला आलात तर माझ्यावरचे चहाचे पेले उचला आणि भिंगं पुसा. हत्तीला खुशाल हसा, पण आठव्या चित्रापर्यंत थांबा. आणि मोठे होऊन दूरची शहरं पाहाल, तेव्हा घरी कुणीतरी असेल ज्याला तिथं जाता आलं नाही, किंवा जाऊनही दिसलं नाही. त्याच्याजवळ बसा. त्याचा हात हातात घ्या आणि पाहिलं तेवढंच सांगा. लंगडं कबुतर पुरतं, हत्ती लागत नाही.